लघवीचं गाऱ्हाणं

माझ्या तरुणपणातला सगळ्यात मोठा प्रवास म्हणजे खोली नंबर सात ते गॅलरीचं टोक. तो मी दिवसातून सोळा-सतरा वेळा केला. लोक आठवणी लिहायला बसले की पहिलं प्रेम लिहितात, कुणी तुरुंगवास लिहितं, कुणी आपल्याला कोणकोण मोठी माणसं भेटली ते लिहितं. मला मोठं माणूस एकही भेटलं नाही आणि मी लघवीबद्दल लिहितेय. ज्यांना नाकं मुरडायची असतील त्यांनी आत्ताच मुरडून घ्या, पुढे वेळ मिळणार नाही. साठी जवळ आली आता माझी. तेव्हा जे तोंडातून निघालं नाही ते आता मोठ्याने बोलायला मला कुणाच्या बापाची भीती वाटत नाही.

आमची चाळ दहिसरला, नदीच्या अंगाला. बारा खोल्या, साठेक माणसं, आणि गॅलरीच्या टोकाला दोन संडास. एक पुरुषांचा, एक बायकांचा. बायकांच्या संडासाची कडी कधीच मोडलेली, म्हणून आत गेलं की एका हाताने दार धरून ठेवायचं. ही कला आमच्या चाळीतल्या पोरी चालायला शिकल्या की लगेच शिकायच्या. घरात मोरी होती, नाही असं नाही. पण मोरीला दार नव्हतं, आयेच्या जुन्या लुगड्याचा पडदा होता, आणि पडद्याच्या अलीकडे दोन हातांवर बाबा पेपर वाचत बसलेले. त्यांच्या शेजारी बाळाकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, पाय पसरून, तोंडात तंबाखू. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि ते एका सोसायटीत रात्रपाळीला वॉचमन होते, म्हणजे दिवसभर घरी. काकांना कामधंदाच नव्हता, त्यामुळे तेही दिवसभर घरी. आणि दोन पुरुष घरात असताना पडद्यामागे बसायची माझी काय छाती! मग टमरेल उचलायचं आणि निघायचं.

जाताना तारामावशीचा दरवाजा ओलांडावा लागायचा. ती खोली नंबर बारामध्ये, म्हणजे संडासाला अगदी लागून. नवरा गेलेला, मुलगे बाहेर नोकरीला. सकाळी सहापासून ती उंबऱ्यात बसलेली. तांदूळ निवडतेय, सुकट साफ करतेय, काही नसेल तर नुसतीच बसलीय. त्या उंबऱ्यातून ती हलायची नाही. कुणाची मुंज असो, बारसं असो, समोरच्या मैदानात गणपती असो, तारामावशी आपली उंबऱ्यात. आणि मोजायची. मी समोरून गेले की म्हणायची, "गो शुभे, ही सातवी." संध्याकाळी आमच्या आयेला हिशेब मिळायचा. चाळीत दूधवाला एखाद दिवशी चुकेल, पण तारामावशीचा आकडा चुकायचा नाही.

आमची आये स्वयंपाकात हुशार आणि बाकी सगळ्यात पटाईत. तिचं कुळथाचं पिठलं, आम्ही त्याला पिठी म्हणतो, तांदळाची भाकरी आणि तव्यावर भाजलेला सुका बांगडा, हे एवढं असलं की मला आजही दुसरं काही लागत नाही. पण ती चहाच्या बाबतीत वेडी होती. उठल्यावर चहा, आंघोळ झाली की चहा, बाबा ड्यूटीवरून आले की त्यांच्याबरोबर चहा, कुणी आलं की चहा, कुणी आलं नाही म्हणून चहा. लहानपणापासून मी तिच्याबरोबर कप धरून बसलेली. आणि तिची दुसरी शिकवण म्हणजे, "रिकामो हा तोवर जावन ये." गॅलरीत डोकावायचं, दार उघडं दिसलं की पळायचं. लागली असो की नसो. पाचनंतर रांग लागते, नळ गेला की पाणी नसतं, पाहुणे आले की लाज वाटते, म्हणून आत्ताच जाऊन ये. बाजारात निघालीस? जाऊन ये. झोपतेस? जाऊन ये. आमच्या चाळीत ही शिकवण सगळ्या आया देत होत्या आणि त्यात आपण काही भयंकर चूक करतोय असं एकीच्याही डोक्यात आलं नाही.

मग मला मरोळला नोकरी लागली. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटा कारखाना होता, टेलिफोनच्या आतल्या पट्ट्या बनवणारा. लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना आम्ही बत्तीस पोरी, हातात सोल्डरिंगचं आयर्न, नाकात धूर. सहा महिने कच्ची नोकरी, मग साहेब यादी लावणार आणि त्यात नाव असेल ती कायम. मला ते कायम व्हायचं होतं. इतकं व्हायचं होतं की मी स्वप्नात सोल्डरिंग करायचे. घरात तोवर माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं आणि कायम नोकरी हे एकच कारण असं होतं की ज्याच्यापुढे बाळाकाकासुद्धा गप्प बसले असते. नोकरी गेली तर गावाला, आणि गावाला म्हणजे पुढच्या मे महिन्यात कुणाच्या तरी गळ्यात. हे मला स्वच्छ दिसत होतं.

आणि त्या कारखान्यात बिल्ला होता. लाकडाचा, तळहाताएवढा, त्याला सुतळी. बत्तीस पोरींना मिळून बिल्ले दोन. ते सुपरवायझर फडके बाईंच्या टेबलाच्या खिळ्याला टांगलेले असायचे. ज्या पोरीला जायचं असेल तिने उठायचं, सगळ्यांच्या देखत चालत जायचं, बिल्ला गळ्यात घालायचा आणि जायचं. परत आली की फडके बाई वहीत रेघ मारणार. एका पाळीत चार रेघा माफ, वरच्या रेघा यादी लावताना बघणार. माझ्या दुपारच्या जेवणापर्यंतच सहा व्हायच्या. फडके बाई पार्ल्याच्या, इस्त्रीची साडी, केसात एक अबोलीचा गजरा, बोलणं साखरेत घोळलेलं. म्हणायच्या, "शुभांगी, अगं माझ्याकडे बघ. मी सकाळी घरून निघते ना, ती संध्याकाळी घरीच जाते. मनावर असतं गं सगळं." मी बघायचे त्यांच्याकडे. दिवसभरात अर्धा कप पाणी प्यायच्या त्या बाई आणि त्याचा त्यांना असा अभिमान, जसं काही सरकारने त्यासाठी पदक दिलंय. (माझी भाची आज ह्याच मरोळला काचेच्या इमारतीत बसते. डोक्यावरून मेट्रो जाते, ऑफिसात सेन्सरचे नळ आहेत, आणि ती पोरगी मीटिंगमध्ये उठायला नको म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही. बिल्ला गेला, पण गळा तोच राहिला, दुसरं काय!)

मी म्हटलं, सोपं आहे, पाणीच बंद करूया. पाणी बंद केलं, चहा चालू ठेवला, कारण चहा म्हणजे काही पाणी नव्हे असं आमच्या घरचं शास्त्र. झालं उलटंच. आणखी लागायला लागली. थेंब थेंब, गडद पिवळी, पण घाई अशी की जीव जातोय. आयर्न हातात आणि मी खुर्चीवर एकदा ह्या मांडीवर, एकदा त्या मांडीवर. बाजूची पोरगी म्हणाली, "यार शुभा, तुला शुगर तर नाही ना?" झालं, मी त्या दिवशी रडत घरी आले.

घरी त्याहून मोठी मजा चालली होती. तारामावशीने रविवारचा आकडा दिला होता, सतरा, आणि चाळीतल्या बायकांनी तो आकडा हातात घेऊन त्याचा अर्थ लावला होता. कुवार पोरगी, रोज मरोळला जाते, आठ वाजता येते, आणि सारखी लघवीला. म्हणजे काय ते समजा! आयेने मला मोरीजवळ ओढलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "गो, पाळी कधी येवन गेली तुझी?" मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा अंगाचा असा तिळपापड झाला की विचारू नका. म्हटलं, "आये, गेल्या मंगळवारी. तुझ्यासमोर बाजूला बसले होते, विसरलीस?" ती म्हणाली, "तसा नाय गो, लोक बोलतत." लोक बोलतत! ज्या लोकांच्या सुना-मुलींनी त्याच संडासाचं दार एका हाताने धरून आयुष्य काढलं ते लोक! त्या रात्री मला आयेचा इतका राग आला की मी तिच्या हातची भाकरी खाल्ली नाही. आजही तो राग थोडा शिल्लक आहे, कशाला खोटं बोला.

मग प्रकरण बाळाकाकांकडे गेलं. काकांना गावच्या देवांचं सगळं ठाऊक. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं, आणि देवांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी मला समोर बसवलं, तंबाखूची पिंक टाकून आले आणि विचारलं, "मे म्हयन्यात गावाक गेललंव, तेव्हा वाटेत तू खय बसललंस?" मला आठवलं. एसटीचा अख्ख्या रात्रीचा प्रवास. पहाटे घाट उतरल्यावर ड्रायव्हरने गाडी थांबवली होती. पुरुष सगळे गाडीच्या चाकापाशीच उभे राहिले आणि आम्ही चार बायका झाडीत आत गेलो, काटे टोचेपर्यंत आत. मी म्हटलं, "झाडीत." काका म्हणाले, "थय दगड होतो?" झाडीत दगड नसेल तर काय फ्रीज असेल? मी म्हटलं, "होता." काकांनी मांडीवर थाप मारली. "बघा! राखणदाराच्या पायाकडे मुतला चेडू! तो कोपलो!"

चेडू म्हणजे मुलगी, आणि राखणदार म्हणजे गावाची वेस राखणारा देव. आमच्याकडे त्याला फार मानतात आणि मीही मानते, उगाच खोटं सांगणार नाही. पण मला एक सांगा, त्या रात्री पनवेलपासून घाटापर्यंत बाबा, काका आणि गाडीतले तीस पुरुष प्रत्येक थांब्याला, प्रत्येक पुलाच्या कठड्याला, प्रत्येक वडाला पाणी घालत आले होते. तिथे एकाही राखणदाराचा पाय मध्ये आला नाही. आमचाच तेवढा आला! हे मी त्या दिवशी मनात म्हटलं. तोंडावर आणायला अजून पाच आठवडे जायचे होते.

काकांनी ठरवलं, रविवारचा चांगला दिवस बघून गाऱ्हाणं घालायचं. आमच्या कोकणात काही अडलं की देवापुढे नारळ ठेवतात, घरातला जाणता पुरुष मोठ्याने देवाला साकडं घालतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. म्हणजे माझी लघवी आता बारा खोल्यांच्या साक्षीने देवापुढे जाणार होती. आणि त्यात काका असंही कबूल करणार होते की पोर वर्षभर गावाला राहील, राखणदाराची दिवाबत्ती करेल. यादी पुढच्या महिनाअखेरीस लागायची होती. मी आयेच्या पाया पडले. ती म्हणाली, "देवाचा हा, नाय म्हणा नये."

देव कोपलेला असतानाच मी मरोळ नाक्याजवळच्या एका बाई डॉक्टरकडे गेले. एकटी, अर्धी रजा टाकून. दवाखान्यात दोन बाकं आणि एक पंखा. डॉक्टरीणबाई जाड भिंगाच्या, आवाज भाजीवालीसारखा. "काय होतंय? जळजळ? ताप? रक्त? पाठीत दुखतं?" काहीच नाही म्हटलं. त्यांनी लघवी तपासली, साखर तपासली, पोटाची सोनोग्राफी करून आण म्हणाल्या. पुढच्या शनिवारी सगळे कागद घेऊन गेले. सगळं स्वच्छ. (तुम्हाला जळजळ होत असेल, ताप येत असेल, लघवीत रक्त दिसत असेल, तर माझं हे पुराण वाचत बसू नका. उठा आणि दाखवून या. माझं ते नव्हतं, तुमचं असू शकतं.) मी म्हटलं, "डॉक्टर, मग हे काय? देवाचं?" त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला एक प्लॅस्टिकचा मग दिला, रेघा असलेला, आणि म्हणाल्या, "तीन दिवस. काय प्यायलीस, कधी गेलीस, किती झाली, सगळं लिहून आण. आणि लाजू नकोस, मला रोज हेच बघायचं असतं."

तो मग मी टमरेलात लपवून नेला. तारामावशीला आत काहीतरी खडखडतंय ते ऐकू आलं असणार, पण ती नुसती टमरेलाकडे बघत राहिली. तीन दिवसांनी डॉक्टरांनी माझा कागद वाचला. चहा आठ कप, पाणी दोन भांडी, फेऱ्या सतरा, आणि मगात प्रत्येक वेळी ऐंशी-नव्वदच्या रेघेशी. त्या म्हणाल्या, "तुझी लघवीची पिशवी ह्याच्या चौपट धरू शकते. मग तू इतक्यात का जातेस?" मी म्हटलं, "रिकामा असतो तेव्हा जाते." "कोण रिकामा?" "संडास." आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. रांग, नळ, कडी, आयेची शिकवण. त्या म्हणाल्या, "म्हणजे संडास रिकामा दिसला की तू स्वतःला रिकामी करतेस. वीस वर्षं. आता पिशवीला वाटतं, जरा भरली की निघायचंच असतं. तिची काही चूक नाही गं. तिला जसं शिकवलंत तसं ती शिकली."

औषध म्हणून त्यांनी दिलं ते असं. चहा दोनच कप. पाणी नीट प्यायचं, पण घोट घोट, दिवसभर. पोट साफ राहील असं खायचं. लागली की लगेच पळायचं नाही. आहे तिथे टेकायचं, खालचे स्नायू आवळायचे, जसं मध्येच लघवी थांबवावी तसे, सोडायचे, परत आवळायचे, आणि मनात उलटे पाढे म्हणायचे. घाई एक लाट येते तशी येते आणि ओसरते. ओसरली की मग चालत जायचं, पळत नाही. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं थांबायचं, मग दहा, मग पंधरा. "आणि उगाच म्हणून जायचं नाही. अजिबात नाही. महिना दीड महिना लागेल. घाबरू नकोस." मी विचारलं, "गोळी?" त्या म्हणाल्या, "ह्याने नाही झालं तर बघू." मी उलटे पाढे म्हणायला लागले. सतरा नव्वे एकशे त्रेपन्न, सतरा आठे एकशे छत्तीस. शाळेत मास्तरांनी छड्या मारून जे आलं नाही ते मला लघवीने शिकवलं. पहिला आठवडा वाट लागली. फडके बाईंच्या समोर बसून, पाय आवळून, डोळ्यांतून पाणी. दुसऱ्या आठवड्यात बाराच्या आत. तिसऱ्या आठवड्यात कारखान्यात एक दिवस फक्त पाच रेघा. मी त्या रेघा बघून मनातल्या मनात नाचले.

आणि मग तो रविवार आला. गॅलरीत पाट, पाटावर नारळ, विडा, उदबत्त्या. सगळी चाळ जमलेली, लहान पोरं कठड्यावर. आयेने सगळ्यांना चहा दिला, मी घेतला नाही. मला मध्ये बसवलं, हात जोडून. काकांनी खांद्यावर टॉवेल टाकला, डोळे मिटले आणि सुरू केलं. "रे राखणदारा म्हाराजाऽ!" चाळ म्हणाली, "व्हय म्हाराजा!" "बारा वेशींच्या, बारा वाटांच्या धन्या म्हाराजाऽ!" "व्हय म्हाराजा!" "ह्या आमच्या चेडवान अजाणतेपणी तुझ्या हद्दीत लघवी केल्यान म्हाराजाऽ!" "व्हय म्हाराजा!" कठड्यावरची पोरं फिदीफिदी हसायला लागली. आणि नेमकी तेव्हाच मला लागली.

उठले असते तर संपलंच होतं. गाऱ्हाण्यातून उठून पोरगी संडासात पळाली, म्हणजे राखणदाराने सगळ्यांसमोर साक्षच दिली! मी बसल्या जागी आवळलं. सतरा दाहे एकशे सत्तर. काका म्हणत होते, "तिच्या अंगाची ही पीडा दूर कर म्हाराजाऽ!" "व्हय म्हाराजा!" सतरा साते एकशे एकोणीस. लाट आली, चढली, आणि ओसरली. खरंच ओसरली. मी घामाने भिजले होते पण बसलेली होते. आणि तेवढ्यात काकांनी शेवटचं काढलं, "ही पोर नोकरी सोडून वर्षभर तुझ्या पायाकडे रवात म्हाराजाऽ!"

चाळीने "व्हय" म्हणायला तोंड उघडलं आणि मी उभी राहिले. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. आमच्यात मी तरी तोवर एकही बघितली नव्हती. पण माझं डोकं असं फिरलं होतं की मला काही सुचलं नाही, आणि जे सुचलं ते आयेच्या बोलीत सुचलं. मी ओरडले, "रे राखणदारा म्हाराजाऽ! ह्या चाळीत बारा खोल्यो, साठ माणसा, बायकांक संडास एक, आणि त्येका कडी नाय म्हाराजाऽ!" काका डोळे उघडून बघत राहिले. "बापये भिंतीर मुतले, झाडार मुतले, गाडीच्या चाकार मुतले, त्येंका तू कधी कोपलंस नाय म्हाराजाऽ! बायल माणूस एकदा झाडीत बसला आणि तू कोपलंस, तर तू देव कसलो म्हाराजाऽ!" आयेने पदर तोंडात घातला. माझा आवाज फाटला होता, पण थांबता येईना. "ज्येंका मोजूचा हा त्येंनी संडास मोजूचे, माझ्यो फेऱ्यो मोजूच्यो नाय म्हाराजाऽ! मी नोकरी सोडूचंय नाय म्हाराजाऽ!"

खालून नदीचा वास येत होता. मला वाटलं, आता कुणीतरी थोबाडीत मारणार. आणि मागून, खोली नंबर बाराच्या उंबऱ्यातून, एक आवाज आला. "व्हय म्हाराजा." तारामावशी! मला वाटलं ती थट्टा करतेय. पण ती परत म्हणाली, ह्या वेळी मोठ्याने, "व्हय म्हाराजा!" मग तिसऱ्या खोलीतली वहिनी म्हणाली. मग नवव्या खोलीतली नवी सून, जिचा आवाज चाळीने अजून ऐकलाच नव्हता. मग एकदम दहा-बारा बायका.

काका संतापले. "ह्या काय चल्लाहा? दादा, तुझ्या चेडवाक आवर!" बाबा भिंतीला टेकून उभे होते. बाबा बोलायचे कमी, आठवड्याला एखादं वाक्य. ते पुढे आले, पाटावरचा नारळ उचलला आणि म्हणाले, "गिरणीत आमचो मुकादम हातात घड्याळ घेवन मुतारीच्या दारात उभो रवी. कोण किती वेळ लावता ता मोजी. त्येच्याशी भांडललंय मी बाळा, आठ दिस कामावरसून काढल्यानी माका. आणि आता माझ्याच घरात मुकादम मीच?" त्यांनी कठड्यावर नारळ आपटला, पाणी माझ्या पायांवर उडालं. "उद्या कामार जाशीत मा?" त्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली. आणि मग मी चालत, हो, चालत, गॅलरीच्या टोकाला गेले. त्या दिवशी मगात साडेतीनशेच्या वर भरलं.

यादीत माझं नाव लागलं, शेवटून दुसरं. फडके बाई म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं, मनावर असतं?" काका गावभर सांगत फिरले की गाऱ्हाणं पावलं. घ्या बाबा श्रेय, सगळ्यांनी घ्या. मी पाच-सहा वेळांवर आले होते, मला भांडायचं नव्हतं.

पण त्याच्या आधी, गाऱ्हाण्यानंतरच्या शनिवारी, मी डॉक्टरकडे जायला निघाले तर जिन्याच्या तोंडाशी तारामावशी उभी. उंबऱ्यात नव्हे, जिन्याशी. ठेवणीतली साडी, हातात पिशवी, आणि पिशवीत घडी घातलेलं दुसरं लुगडं. मी म्हटलं, "मावशी, कुठे?" ती इकडेतिकडे बघून हळू बोलली. चौथ्या बाळंतपणानंतर तिला धरवतच नव्हतं. शिंकली की, हसली की, उठून उभी राहिली की. म्हणून ती संडासाच्या दाराशी घर धरून बसली होती, म्हणून कुठल्या बारशाला नाही की गणपतीला नाही. "मी तुझ्यो फेऱ्यो उगाच मोजी नाय होतंय गो," ती म्हणाली. "तू आत गेलंस की मी बाहेर जीव धरून बसतंय. तू कधी भायर येशीत, ता मोजतंय." किती वर्षं, मी विचारलं. तिने बोटं दुमडली, मग सोडून दिली. म्हणाली, "ती डॉक्टरीण माका बघात?"

मी म्हटलं, बघेल. चल. ती एक पायरी उतरली आणि थांबली. कठडा घट्ट धरला.

"शुभे," ती म्हणाली, "हयसून मरोळापर्यंत वाटेत खय जागा हा गो?"

नव्हती. मी तिची पिशवी माझ्या खांद्याला घेतली, आणि आम्ही दोघी निघालो.